आमटीतला गूळ

आई,

आमटीत गूळ घालायचा की नाही, हा आपला वाद मिटायचा राहिलाच. लग्न होऊन मी डोंबिवलीत आले त्याच आठवड्यात तो सुरू झाला आणि तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या सकाळीही चालू होता. तुम्ही गुहागरकडच्या, गूळ आणि आमसूल नसेल तर तुम्हाला ती आमटी वाटायचीच नाही. मी कराडची. आमच्याकडे आमटीने कानातून धूर काढला पाहिजे. "अगो, हे काय तिखटाचं पाणी," असं तुम्ही म्हणायचात, आणि मी म्हणायचे, "मग उद्यापासून आमटीच्या जागी बासुंदीच करते." सुहास मान खाली घालून दोन्ही प्रकारची आमटी ओरपायचा. त्याने कधीही मत दिलं नाही, म्हणून तर तुमचा मुलगा आणि माझा नवरा या दोन्ही नोकऱ्या त्याला टिकवता आल्या.

काल तुमचं तेरावं झालं. माधुरीताई संध्याकाळीच ठाण्याला आपल्या घरी गेल्या. त्यांनी पेपरात छान निवेदन दिलंय तुमचं. जन्म कुठला, मागे परिवार कोणकोण, सगळं आहे त्यात. लेकीने लिहिलेलं म्हणून त्यात तुम्ही फार प्रेमळ आहात. ते वाचून मला हसू आलं. मी तुमची सून, मला दुसऱ्याही बाजू ठाऊक आहेत, आणि माझ्या कामाला त्याच बाजू आल्या. म्हणून तुमच्या खाटेवर बसून हे लिहितेय. मध्येच शब्द अडतो. मग खिडकीतून समोरच्या गच्चीकडे बघत बसते, तो येईपर्यंत. ही सवय तुम्हीच लावलीत.

रिक्षा उलटली ते मला आठवत नाही. आंबिवलीला शाळेतल्या एका बाईंची वास्तुशांत होती, तिथून परत येताना शहाडजवळ रिक्षा उलटली आणि माझं डोकं रस्त्याच्या कडेला आपटलं, हे इतक्या जणांनी सांगितलंय की आता मी पाहिल्यासारखंच सांगते. दवाखान्यातले आठवडे तर मधूनमधून दिसणारे नुसते तुकडे आहेत. घरी आले ते मात्र नीट आठवतं. दारात तुम्ही भाकरतुकडा ओवाळलात आणि मला तुमचं नाव आठवेना. तुम्ही सासू आहात एवढं कळत होतं, कारण पोटात तो जुना गोळा आला होता.

डोक्याला मार लागलेला माणूस घरी येतो तेव्हा हातपाय जागच्या जागी असतात, टाके केसांखाली जातात आणि बघायला आलेली माणसं म्हणतात, बरी दिसतेय की. माझं काय काय गेलं होतं ते कुणाला बाहेरून दिसत नव्हतं. शब्द जायचे. कामांची पायरी चुकायची. चहात साखर टाकायची, पुन्हा टाकायची, आणि पाणीच ठेवलेलं नसायचं. मिक्सर लागला की डोक्यात कुणीतरी खिळा ठोकतंय असं व्हायचं. राग तर असा यायचा की माझा मलाच ओळखू यायचा नाही. आणि वास गेला. उदबत्तीचा, फोडणीचा, नव्या पुस्तकाचा, माझ्या केतकीच्या केसांचा, सगळा गेला. बाकीचं पुष्कळसं परत आलं. वास आला नाही.

कल्याणहून रश्मी यायची, घरी येऊन व्यायाम आणि कामं शिकवणारी थेरपिस्ट. आपल्या केतकीपेक्षा जेमतेम मोठी. मी इतकी वर्षं शाळेत पोरांना शिकवलं, आणि त्या मुलीने मला चहा करायला शिकवला. एका वेळी एकच काम. आधी ओट्यावर सगळं काढून ठेवायचं, मग गॅस पेटवायचा. दुपारी झोपायचंच, कितीही बरं वाटलं तरी. ओट्यावरच्या टाइलला तिने चित्रं चिकटवली होती, भांडं, पाणी, चहापूड. तुम्ही म्हणालात, "बालवाडी काढली काय घरात?" तिला ऐकू गेलं. मला वाटलं आता ही पोरगी उद्यापासून यायची नाही. ती म्हणाली, "आजी, तुम्ही मुख्याध्यापिका व्हा." तुम्ही झालातही.

पण त्याआधीचे दिवस सांगते, कारण तुमचे उपकार खरे त्या दिवसांतले आहेत. घरात सगळे माझ्याशी मऊ आवाजात बोलत होते. सुहास, केतकी, शेजारी, माधुरीताई फोनवर. काहीही केलं की "असू दे." सांडलं, असू दे. चुकलं, असू दे. मी बोलायला लागले की माझं वाक्य तेच पुरं करायचे, आणि ते पुरं करायचे ते वाक्य माझं नसायचंच. रागवावं तर कुणावर, सगळे इतके चांगले वागत होते. एके दिवशी जेवताना पोळीवरून की कशावरून माझं डोकं फिरलं आणि मी ताट ढकलून दिलं. भात भिंतीपर्यंत गेला. केतकी रडकुंडीला आली होती तरी म्हणाली, "असू दे गं आई." सुहास फडकं आणायला उठला.

तुम्ही म्हणालात, "असू दे काय? बस खाली सुहास. विजे, ताट उचल. भात पूस. आणि पोरीला चुकलं म्हण."

सुहास म्हणाला, "आई, तिला कळत नाहीये."

"तिला सगळं कळतंय," तुम्ही म्हणालात. "लग्न झाल्यापासून माझ्याशी भांडत्येय ती. माझ्याशी भांडणाऱ्या बाईला कळत नाही असं म्हणायचं नाही या घरात."

मी भात पुसला. भिंतीवर पिवळा डाग राहिला, तो अजून आहे. केतकीला चुकलं म्हणाले. तुम्हाला नाही म्हणाले, तुम्ही मागितलंही नाहीत. पण त्या दुपारी, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा, मला आपल्या घरात असल्यासारखं वाटलं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगणार होते, पण संध्याकाळी तुम्ही माझ्या वेणीला नावं ठेवलीत आणि ते राहून गेलं.

मग ते दूध उतू गेलं. चुलीवर असतं तर नुसतं उतू गेलं असतं. गॅसवरचं उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुरूच. मी तिथेच ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होते. मला काही म्हणता काही कळलं नाही. तुम्ही आतल्या खोलीतून ओरडलात. तुमच्या डोळ्यांचं तर तेव्हा असं झालेलं, मधलं दिसायचं नाही, फक्त कडेचं दिसायचं. भिंत चाचपत, स्टुलाला धडकत आलात, बटण फिरवलंत, खिडक्या उघडल्यात आणि मला दंडाला धरून जिन्यात नेऊन उभं केलंत. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी सुहासने लायटर उचलून कपाटात ठेवला. खालून रेग्युलेटर बंद. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्याने मला एकदा जाताना पाहिलं होतं, पुन्हा बघायची त्याची तयारी नव्हती. पण मला कळलं की आता हे कायमचं आहे. शाळा सुटलीच होती. स्वयंपाकघर सुटलं की मी या घरात नुसती बसवून ठेवलेली बाई. कुणी आलं की माझी तब्येत विचारणार, ती पण सुहासला.

जेवण झाल्यावर तुम्ही हात धुऊन येऊन म्हणालात, "लायटर काढ. उद्यापासून ती ओट्याशी, मी दारात स्टुलावर. तिला वास येत नाही, मला दिसत नाही. दोघींचं मिळून एक धड माणूस होतं. मोजून बघ."

सुहास म्हणाला, "आणि दोघींचं एकदम चुकलं तर?"

"मग तू मोकळा," तुम्ही म्हणालात. केतकी हसली, मग मीही हसले. माझं ते जुनं हसणं, घशातून येणारं. सुहासने माझ्याकडे बघितलं आणि लायटर आणून दिला.

त्या वर्षी गणपतीला माधुरीताईंनी परस्पर ठरवलं होतं की नैवेद्य बाहेरून मागवायचा. वहिनीला झेपणार नाही, आणि तिला चव कळत नाही, वास कळत नाही, देवापुढे कच्चं-करपलं जायला नको. त्या मनाने वाईट नाहीत, घाबरट आहेत. तुम्ही त्यांना स्वयंपाकघरात बोलावलंत. "माधुरी, नैवेद्याची चव घेतेस का तू, दाखवायच्या आधी?" "नाही गं." "वास?" "वासही घ्यायचा नसतो, तूच शिकवलंस." "मग झालं तर. तुझं नाक असून आज उपयोग काय? आज आपण तिघी विजीसारख्याच."

आयुष्यभर मी ते सोवळ्याओवळ्याचं म्हणून पाळत आले, कधी मनात हसतही आले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा नियम कुणी माझ्यासाठीच करून ठेवला होता की काय. अंदाजाने मीठ घालायचं, डोळ्यांनी फोडणी ओळखायची, मोहरी तडतडायची थांबली की हिंग, हे तर सगळ्याच बायका त्या दिवशी करतात. मी विचारलं, "आणि तुम्ही स्टुलावर बसून गॅसचा वास घेताय तो देवाला चालतो का?" तुम्ही म्हणालात, "चालतो. त्यालाही दीड दिवस इथेच राहायचंय."

मोदक फुटले त्यातले काही. तुम्ही ते सगळ्यांना दाखवलेत, नसते दाखवलेत तर बरं झालं असतं. पण नैवेद्य मी केला.

मग तुम्ही मला बाहेर काढायचं ठरवलंत. रश्मी सांगून थकली होती की नुसतं घरात बरं होऊन उपयोग नाही, माणसांत जायला हवं. मला एकटीला सोडायचं नव्हतं, तुम्हाला एकटीला सोडायचं नव्हतं, म्हणून आपण दोघी. बाजारात मी रस्ता बघायचे, खड्डा आला सांगायचे, तुम्ही मेथीची जुडी नाकाशी धरून शिळी की ताजी ते ठरवायचात. कोपऱ्यावर यमुनाबाय बसते, शहाडच्या पुढच्या गावातली, स्वतःच्या शेतातली भाजी घेऊन. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि शब्द गेला. हिरवी, वरून घालतात ती, पोह्यांवर. मागे माणसं उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "कोथिंबीर द्या त्यांना, कोथिंबीर." तुम्ही वळलात. नेमकं कोण बोललं ते तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच झापलंत. "तिला सांगू दे. भाजी तिची, शब्द तिचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेव्हा यमुनाबाय टोपली पुढे सरकवून म्हणाली, "मना काय घाई नाय गो बाय. सुचंल तवा सांग." आणि ती खरंच बसून राहिली, भेंडी पुसत. कोथिंबीर म्हणायला मला किती वेळ लागला देव जाणे, पण म्हणाले. तेव्हापासून तो कोपरा माझा झाला. मग किराणावाला थांबायला लागला, मग लायब्ररीतल्या बाई, मग सोसायटीतले शेजारी. कुणी कुणाला शिकवलं नाही. एकाचं बघून दुसरा थांबतो.

तुमचंही चुकायचं, ते लिहिलं नाही तर तुम्हालाच आवडायचं नाही. कल्याणला त्या लग्नाला मला ओढून नेलंत. रश्मी नको म्हणाली होती, मी नको म्हणाले होते. "चेहरे बघितलेस की बरं वाटेल." चेहऱ्यांबरोबर डीजे होता. मी नवरीच्या बापाला सगळ्यांदेखत काय काय बोलले ते अजून कुणी मला धड सांगत नाही. मग आठवडाभर अंधाऱ्या खोलीत. रश्मीने तुम्हाला चांगलंच सुनावलं, आणि तुम्ही तोंड फुगवून बसलात, जसं काही लग्न तिनेच ठरवलं होतं. माफी तुमच्या शब्दकोशात नव्हतीच. पण पुढच्या गणपतीत तुम्ही कठडा धरून तीन मजले उतरलात, मंडपात गेलात आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणालात, माझी सून आरतीला येणार आहे, तो कर्णा बंद. त्यांनी केला. मी मंडपात उभं राहून आख्खी आरती म्हटली. त्यात एक शब्द अडला नाही. तुम्ही शेजारी उभ्या होतात, माझ्याकडे बघितलं नाहीत. मला कळलं होतं.

आणि ठाण्याची ती सभा. माझ्यासारखी माणसं आणि त्यांच्या घरचे महिन्यातून एकदा भेटायचे. तुम्ही पहिल्या दिवसापासून तिथे माहेरी आल्यासारख्या. कोलशेतची एक बाई नवऱ्याला घेऊन यायची. त्याला काही विचारलं की उत्तर ती द्यायची. झोप कशी लागते, ती सांगणार. आज काय खाल्लंत, ती सांगणार. तुम्ही तिला म्हणालात, "अगो, तू जरा गप्प बस. त्याला जीभ आहे." ती बाई ढसाढसा रडायला लागली. म्हणाली, तो बोलायचा थांबतो ना मध्येच, ती शांतता मला सहन होत नाही हो. सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही तिचा हात शोधलात, दोनदा चुकलात, मग सापडला. म्हणालात, "मलाही होत नाही. मी आतल्या आत रामरक्षा म्हणते."

मी तुमच्या शेजारीच बसले होते. माझा शब्द अडला की तुम्ही कठोर तोंड करून बसायचात, आणि मला वाटायचं, काय हे निबर काळीज. तुम्ही रामरक्षा म्हणत होतात. परत येताना मी तो विषय काढला नाही. तुम्ही म्हणालात, त्या हॉलमधला चहा पांचट होता. मी म्हटलं, हो.

आता त्या भोंग्याचं. गॅस गळला की वाजतं ते यंत्र केतकीने आणलं होतं. रश्मी पहिल्यापासून सांगत होती. तुम्ही त्या खोक्याकडे असं बघितलंत, म्हणजे बघितलं नाहीतच, नाक मुरडलंत. "म्हणजे मला रिटायर केलंत?" केतकी म्हणाली, "आजी, तू झोपलेली असलीस तर?" "मी झोपेतही वास घेते. मी मेल्यावर लावा हवं तर." खोकं माळ्यावर गेलं. तुमच्यापुढे कोण बोलणार.

तुम्ही गेलात आणि घरात पुन्हा "असू दे" सुरू झालं. तसं वाईट कुणाच्या मनात नव्हतं. सुतकात शेजारून डबे येत होते, रेग्युलेटर बंदच होता, तो बंदच राहिला तर काय बिघडलं, असं हळूहळू ठरत गेलं. परवा रात्रीचं जेवण झाल्यावर सुहास म्हणाला, तेराव्याचं केटररला सांगतो, आणि त्यानंतर स्वयंपाकाला एक बाई बघू. आई होती तोवर ठीक होतं. आता दारात कोण बसणार.

मी म्हटलं, "सासू गेली म्हणून सून बडतर्फ का?"

"तसं नाही विजू. तू दमतेस, आणि तुला वास..."

मी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द गेला. सगळाच गेला, एक नाही. सुहास थांबला, मग नेहमीसारखा मऊ आवाज काढून म्हणाला, "तुला म्हणायचंय की तुला वाईट वाटतंय." मला ते म्हणायचं नव्हतंच. माधुरीताई होत्या, केतकी होती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी सवयीने दाराकडे बघितलं. स्टूल होतं. तुम्ही आता म्हणाल, तिला सांगू दे, याची मी खरोखर वाट बघितली, आई. एवढा वेळ वाट बघितली की मग मलाच कळलं की ते वाक्य आता माझ्याकडे आलंय.

मी म्हटलं, "थांब. मला सांगू दे. वाक्य माझं आहे."

सगळे थांबले. घड्याळ वाजत होतं. सुहासचे ओठ हलत होते, तो काय म्हणत होता कोण जाणे, कदाचित तुमची रामरक्षा. मग मी म्हणाले, सावकाश, पण सगळं म्हणाले. की केटरर नको. की तेराव्याचा स्वयंपाक हा नैवेद्यच आहे, त्याचा वास कुणीच घ्यायचा नसतो, मग माझ्यात आणि केटररमध्ये फरक काय. की माळ्यावरून खोकं काढ. आईंनी परवानगी दिलेली आहे, अट पुरी झालीय.

केतकीने स्टुलावर चढून खोकं काढलं. सुहासने भोंगा भिंतीला लावला, ओट्याच्या अंगाला, आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या सिगारेटच्या लायटरचा गॅस जवळ सोडून बघितला. काय किंचाळलं ते. मी कान झाकून घेतले, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. तो बंद केल्यावरही पाणी थांबेना. सुहास म्हणाला, फार मोठा आवाज आहे का, बदलू या का. मी म्हटलं, राहू दे, आईंपेक्षा कमीच आहे.

काल पहाटे उठून अंघोळ केली आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सगळं आधी काढून ठेवलं, रश्मीने शिकवलं तसं. सुहासने खाली वाकून रेग्युलेटर चालू केला आणि बाहेर जाऊन बसला. दारात नाही बसला, बाहेरच्या खोलीत, पेपर उघडून. पेपर उलटा नव्हता, मी बघून आले. यमुनाबायने अळू पाठवलं होतं, पैसे घेतले नाहीत, "आजीचा हाय" म्हणाली. मधे एकदा दमले, तर गॅस बंद केला, खाली बसले, पाणी प्यायले आणि पुन्हा उठले.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्हाला कधी कळू दिली नाही. वास गेला की चवही जाते, पण सगळी जात नाही. खारट कळतं, आंबट कळतं, गोड कळतं. मसाला कळत नाही. तिखट नुसतं झोंबतं. त्यामुळे माझ्या पद्धतीची आमटी, जिच्यासाठी मी आयुष्यभर तुमच्याशी भांडले, ती मला रिक्षा उलटल्यापासून झोंबणारं गरम पाणी आहे. कळते ती तुमची. गुळाची आणि आमसुलाची. तुमची आमटी हीच माझ्या ताटातली खरी चव होती, आणि मी ती खाऊन रोज म्हणत आले, "आज पण बासुंदी करायला लावलीत का?" कबूल केलं असतं तर तुम्ही जिंकला असतात, आणि वाद संपला असता. मग माझ्याशी भांडलं कोण असतं?

आमटी मी माझ्या पद्धतीने केली, आई. कांदा-लसूण नाही, पण तिखट कराडचंच. तुमच्या फोटोसमोर पान वाढलं, तेव्हा माधुरीताई वाकून बघून म्हणाल्या, "वहिनी, रंग बघ. आईच्या पानात बिनगुळाची आमटी? आज तरी?" मी म्हटलं, गूळ घातला तर त्यांना वाटेल मला आता काही कळेनासं झालंय. पानात डाव्या बाजूला, चटणीच्या वर, गुळाचा एक खडा ठेवला. हवा तर तुम्ही घालून घ्या.

मग सगळे जेवायला बसले. सुहासने आमटी पुन्हा मागून घेतली, मत दिलं नाही. मी सगळ्यांत शेवटी बसले. वाटीत आमटी घेतली, डबा ओढला आणि सगळ्यांदेखत त्यात गूळ घातला. चांगला मोठा खडा. केतकी बघत राहिली. मी ढवळला, विरघळेपर्यंत थांबले, आणि प्यायले.